न घेतलेल्या गोळ्यांचा खर्च कोणत्या खात्यावर मांडावा?

जमाखर्च

मी इंदूरला रामबागेत राहतो. उभी हयात दुसऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली आणि निवृत्तीनंतर घरची वही तेवढी हाती उरली. गेल्या आठवड्यात सहामाही मेळ घालताना तिच्यात एक खर्च असा आढळला की तो कोणत्या खात्यावर टाकावा हे मला ठरवता येईना, म्हणून हा धागा काढत आहे.

माझे थोरले बंधू, ज्यांना आम्ही सारे दादा म्हणतो, यांचे वय ६८. नऊ वर्षांपासून त्यांना रक्तदाबाची गोळी चालू होती. निदान ती चालू आहे अशी घरात सर्वांची समजूत होती. गेल्या फाल्गुनात एका पहाटे त्यांना पक्षाघाताचा झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. पुढे त्यांचे कपाट आवरताना वहिनींना खालच्या खणात, आयकराच्या जुन्या फायलींमागे, रबर लावून ठेवलेले गोळ्यांचे पत्ते सापडले. मी ते जेवणाच्या टेबलावर मांडून मोजले. दहा गोळ्यांचे ३९ पत्ते अगदी कोरे होते आणि चाळिसाव्यात ६ गोळ्या उरल्या होत्या, म्हणजे एकूण ३९६. पत्त्यांमागच्या तारखा आणि दुकानाची बिले जुळवली तेव्हा कळले की १४ महिन्यांत आणलेल्या ४२० गोळ्यांपैकी दादांनी केवळ २४ घेतल्या होत्या.

आता आकडे मांडतो. गोळी दोन घटकांची व नामांकित कंपनीची असल्याने महिन्याला ३४० रुपये पडत, म्हणजे १४ महिन्यांचे ४,७६० झाले. रुग्णालयाचे अकरा दिवसांचे बिल ३,८६,००० होते. फिजिओथेरपीच्या ७८ भेटींचे ३९,०००, दिवसभर थांबणाऱ्या मदतनिसाचे सात महिन्यांचे ९८,०००, आणि वॉकर, न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्या व कमोडची खुर्ची मिळून ११,५०० झाले. एकूण ५,३४,५००. गोळ्यांच्या एका रुपयामागे ११२ रुपये असे हे प्रमाण पडते.

हा खर्च औषधाचा, आजाराचा, की निव्वळ नुकसान म्हणून लिहावा? इतरांच्या घरी असे घडले असल्यास त्यांनी तो कसा धरला, आणि सगळ्या शहराची अशी बेरीज केली तर ती कोणाच्या नावावर पडेल, हे जाणून घ्यायचे आहे.

खरलबत्ता

जमाखर्च साहेब, दादांना आराम पडो. माझे औषधांचे दुकान आहे आणि माल आपल्या दवा बाजारातूनच उचलतो, तेव्हा काउंटरच्या अलीकडून जे दिसते ते सांगतो.

तुमच्या घरी गोळ्या विकत आणल्या जात होत्या आणि पोटात जात नव्हत्या. माझ्याकडे बहुतांशी त्याच्या आधीचेच दृश्य असते. चिठ्ठी तीस दिवसांची असते आणि गिऱ्हाईक म्हणते, "पत्ता कापून पाच द्या, बाकी पगार झाल्यावर नेतो." दुकानाच्या संगणकात कोण कधी आले याची नोंद राहते. महिन्याचे औषध नेणारी माणसे पंचेचाळिसाव्या, पन्नासाव्या दिवशी परत येतात, त्यावरून मधले पंधरावीस दिवस कसे गेले असतील हे न विचारताही समजते. हात आखडता घ्यायची वेळ आली की पहिल्यांदा कोलेस्टेरॉलची गोळी सुटते, मग रक्तदाबाची, आणि साखरेची त्यानंतर. गुडघेदुखीची गोळी मात्र कोणी सोडल्याचे वीस वर्षांत पाहिलेले नाही. जी गोळी न घेतल्यास संध्याकाळी कळ येते, ती माणूस उसने पैसे काढूनही नेतो.

गोळीबंद

आमच्या वडिलांचे म्हणणे असे की डॉक्टरांची फी आम्ही भरली, गोळ्यांचे पैसेही आम्हीच दिले, तर त्या गिळण्याचे कष्टही आम्हीच का घ्यावेत?

नाडीपरीक्षा

मी फिजिशियन आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली या विषयावर एक सविस्तर अहवाल काढला होता. विकसित देशांतही दीर्घकाळच्या आजारात औषध सांगितल्याप्रमाणे घेणाऱ्यांचे प्रमाण सरासरी ५० टक्क्यांच्या आसपासच असते, आणि विकसनशील देशांत ते त्याहून कमी असते, असे त्यात नोंदवले आहे. म्हणजे माझ्या बाकावर बसलेल्या दोघांपैकी एक जण दादांच्या पंक्तीतला असतो आणि तो कोणता हे मला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही.

मूळ पोस्टमधल्या हिशेबात एक रक्कम सुटली असावी अशी मला शंका आहे. रुग्ण गोळी घेत नाही हे डॉक्टरला ठाऊक नसते. त्याला फक्त यंत्रावरचा १७०/१०० दिसतो. मग तो मात्रा वाढवतो, दुसरी गोळी जोडतो, आणि तरीही आकडा उतरला नाही तर मूत्रपिंडाची सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या, कधी हृदयाचा इको असे सगळे सांगतो. जे औषध निष्प्रभ ठरले असे समजून आपण कारण शोधत असतो, ते मुळात पोटात गेलेलेच नसते. शिवाय कधी तरी अशा रुग्णाने घाबरून वाढवलेली सगळी मात्रा एकदम घेतली, तर रक्तदाब खाली येऊन तो चक्कर येऊन पडतो, आणि खुब्याचे हाड मोडल्यास तो खर्च अस्थिरोगाच्या खात्यावर जातो.

त्या २४ गोळ्यांविषयीही कुतूहल आहे. दादा त्या काळात डॉक्टरांकडे किती वेळा गेले होते?

जमाखर्च

डॉक्टरसाहेब, आपला प्रश्न वाचून मी जुनी चिठ्ठ्यांची फाइल काढली. १४ महिन्यांत दादा सहा वेळा डॉक्टरांकडे गेले होते. सहा गुणिले चार म्हणजे चोवीस. प्रत्येक भेटीच्या आधी चार दिवस त्यांनी गोळी घेतली, असाच याचा अर्थ दिसतो. परीक्षेच्या आधी अभ्यास करावा तसे हे झाले. सोनोग्राफी आणि रक्ततपासणी सांगितल्याचीही नोंद आहे. तिचे ४,२०० रुपये मी "वार्षिक तपासणी" या खात्यावर टाकले होते. म्हणजे एकूण रक्कम आता ५,३८,७०० झाली.

मध्यमान

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवत असे, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो. जमाखर्च यांनी राग मानू नये.

एकास ११२ हे प्रमाण डोळ्यांत भरते, परंतु ते ज्याच्यावर संकट कोसळले त्याच्याच वहीतून काढलेले आहे. आपल्या गल्लीत गोळी न घेणारे आणखी दहा जण असतील आणि त्यांना आजवर काहीही झालेले नसेल. त्यांच्या वहीत बचत दिसेल. सोडतीत ज्याचे तिकीट लागले त्याला विचारून तिकिटाची किंमत ठरवत नाहीत, तसेच येथेही आहे.

खरा हिशेब पाहू. ब्रिटनमध्ये सौम्य उच्च रक्तदाबावर झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष १९८५ साली प्रसिद्ध झाले. सतरा हजारांहून अधिक लोक तिच्यात होते. निष्कर्ष असा निघाला की ८५० जणांना वर्षभर औषध दिले तर साधारण एक पक्षाघात टळतो. आता तुमचाच दर लावा. ८५० माणसे, महिन्याला ३४० रुपये, बारा महिने: ३४,६८,००० रुपये. एवढे खर्चून टळले काय, तर सुमारे साडेपाच लाखांचा एक आजार. केवळ पैशांच्या भाषेत बोलायचे झाल्यास हा व्यवहार तोट्याचा आहे.

अमेरिकेत औषधे नीट न घेतल्यामुळे वर्षाला १०० ते २८९ अब्ज डॉलरचा टाळता येण्याजोगा खर्च होतो, असा अंदाज वारंवार दिला जातो. ज्या अंदाजाचे वरचे टोक खालच्याच्या जवळजवळ तिप्पट आहे, त्याला मोजमाप म्हणावे की सावधगिरीची सूचना, हे प्रत्येकाने ठरवावे. आणि जास्त गोळ्या खपल्या तर कोणाचा लाभ होतो हा प्रश्नही मनात असू द्यावा.

पोहेजिलबी

प्राध्यापक महोदय, आपला प्रतिसाद मी चुकून वडिलांना वाचून दाखवला. ते गेला तासभर अतिशय प्रसन्न आहेत आणि गोळीचे पैसे परत मागत आहेत. आता पुढचा प्रतिसाद कोणी तरी लवकर लिहावा ही विनंती.

खरलबत्ता

पोहेजिलबी यांच्या विनंतीला मान देऊन लिहितो. मध्यमान सरांचा गुणाकार बरोबर आहे, पण दर जमाखर्च साहेबांचा आहे. ॲम्लोडिपिनसारखी एकाच घटकाची जुनी गोळी जन औषधी केंद्रात महिन्याला पन्नास रुपयांच्या आत मिळते. ३४० च्या जागी ५० धरून पाहा: ८५० गुणिले ५० गुणिले १२ म्हणजे ५,१०,०००. जमाखर्च साहेबांचा खर्च ५,३८,७०० आहे. तोट्याचा व्यवहार बरोबरीत आला, उलट थोडा फायद्यातच. आजार तोच आणि माणसे तीच. फरक फक्त गोळीचा आणि वेष्टनावरच्या नावाचा. माझा गल्ला महागड्या नावांवर चालतो हे कबूल करूनही हे लिहीत आहे.

नाडीपरीक्षा

पोहेजिलबी यांच्या वडिलांसाठी आणखी एक भर घालतो. त्या ब्रिटिश चाचणीतले लोक सौम्य रक्तदाबाचे होते. खालचा आकडा ९० ते १०९ असलेले. शिवाय त्या ८५० मध्ये एक पक्षाघात टळतो तेव्हा मूत्रपिंडाची झीज, हृदयावरचा ताण यांची मोजणी त्यात झालेली नसते. खालचा आकडा ११५ ते १२९ असलेल्यांवर अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक जुना अभ्यास झाला आणि तो १९६७ साली प्रसिद्ध झाला. औषध मिळालेल्या ७३ जणांपैकी दोघांना गंभीर त्रास झाला, तर नुसत्या पिठाच्या गोळ्या मिळालेल्या ७० पैकी २७ जणांना झाला. तेथे ८५० माणसे मोजत बसण्याची गरजच पडली नाही.

म्हणून "गोळी न घेण्याचा खर्च किती" या प्रश्नाला एकच उत्तर नाही. कोणाची गोळी, कोणता आकडा आणि कोणत्या दराने, हे तिन्ही सांगितल्याशिवाय गुणाकार करता येत नाही. जमाखर्च, दादांचा आकडा झटक्याच्या दिवशी किती होता?

जमाखर्च

२१०/१२०. कागद समोर आहे.

तुळशीवृंदावन

इथे बराच वेळ रुग्णालयाची बिलेच मोजली जात आहेत म्हणून लिहिते. माझ्या सासूबाईंना मधुमेह आहे. चातुर्मासात त्यांचे एकभुक्त असते, शिवाय संकष्टी, एकादशी आणि गुरुवार. उपवासाच्या दिवशी गोळी घेतली तर साखर उतरते म्हणून त्या गोळीही सोडतात, आणि साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, रताळ्याचे गोड काप मात्र यथासांग होतात. गोळीलाही उपवास आणि खिचडीला पारणे, असा हा प्रकार आहे. दोन वर्षांपूर्वी पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून जखम झाली आणि ती चार महिने भरली नाही.

रुग्णालयाचे बिल फार नव्हते, कारण दाखल करावेच लागले नाही. पण दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगसाठी सुदामानगरहून रिक्षाने जाणे-येणे, त्यासाठी मी शाळेत घेतलेल्या बिनपगारी रजा, आणि शेवटी संस्थेने "पुढील वर्षी विचार करू" असे म्हणून माझे तास दुसऱ्या बाईंना देणे, यांतले कोणतेही बिल कोणी छापून दिले नाही. जमाखर्च काका, तुमच्या मदतनिसाचे ९८,००० वहीत आले कारण तुम्ही पैसे मोजले. वहिनी रात्री किती वेळा उठतात, हे कुठे लिहिले आहे का?

जमाखर्च

नाही लिहिले, ताई. तसा रकानाच नव्हता.

छत्रीबाग

मधुमेहासाठी मेथीदाणे रात्री भिजत घालून सकाळी चावून खाल्ले तर गोळीची आवश्यकता राहत नाही, असे आमच्याकडे मानतात. जांभळाच्या बियांचे चूर्णही...

नाडीपरीक्षा

मेथी जरूर खावी. गोळी घेऊन खावी.

पायपीट

मी झाबुआ आणि अलीराजपूरकडे क्षयरोगाच्या कामात बरीच वर्षे काढली, आता इंदूरला स्थायिक आहे. रक्तदाबाच्या गोळीत ज्याने सोडली त्याचे आणि त्याच्या घराचे नुकसान होते. क्षयाच्या गोळीत हा हिशेब घराबाहेर पडतो.

साध्या क्षयाचा उपचार सहा महिन्यांचा असतो. दीड-दोन महिन्यांत खोकला थांबतो, ताप जातो, भूक लागते आणि वजन वाढते. माणसाला वाटते की बरे झालो. तिकडच्या मजुरांची त्यातच गुजरातेत जाण्याची वेळ येते. दिवाळी झाली की जत्थे निघतात ते होळीच्या सुमारास भरणाऱ्या भगोरियाच्या बाजाराला परततात. औषधे सरकारकडून फुकट मिळत, तरी हातातल्या पिशवीत महिन्याचे पाकीट असले तर असे, नसले तर नसे. आम्ही घरी जाऊन लघवीचा रंग विचारायचो, कारण रिफाम्पिसिन हे क्षयाचे औषध पोटात गेले की ती नारिंगी होते. तेवढीच एक साक्ष खोटे बोलत नसे. एका बाईने मला नवऱ्याच्या बाबतीत सांगितले होते, "साहेब, गोळी फुकट आहे, पण ती घ्यायला थांबलो तर दिवसाचा रोज बुडतो." तिचा हिशेब चुकीचा होता असे मला आजही म्हणवत नाही.

अर्धवट उपचारातून जंतू औषधाला दाद देईनासे झाले, की तोच उपचार पूर्वी दीड-दोन वर्षांचा होत असे आणि त्यात अनेकांची ऐकू येण्याची शक्तीही जात असे. आता नवीन औषधांमुळे तो सहा महिन्यांपर्यंतही आणता येतो, परंतु ती औषधे साध्या औषधांहून कितीतरी महाग आहेत आणि तो खर्च सरकारी तिजोरीतून होतो. शिवाय असा रुग्ण ज्यांच्या सोबत एका खोलीत झोपतो त्यांना तो दाद न देणाराच जंतू देतो. त्या माणसांनी एकही गोळी चुकवलेली नसते. सरकारने २०१८ पासून क्षयरुग्णाला पोषणासाठी महिन्याला ५०० रुपये देणे सुरू केले आणि नोव्हेंबर २०२४ पासून ते १,००० केले. काही जण याला खिरापत म्हणतात. मला ती बुडणाऱ्या रोजाची थोडीशी भरपाई वाटते.

सहावी_गल्ली

पायपीट यांच्या प्रतिसादावरून मूळ मुद्द्याकडे येतो. आयुष्मान भारतमध्ये कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत रुग्णालयाचा खर्च मिळतो. घरी परतल्यावर पंधरा दिवसांचे औषध त्यात धरलेले असते. सोळाव्या दिवसापासून गोळी स्वतःच्या खिशातून. म्हणजे पन्नास रुपयांची गोळी तुमची आणि ती न घेतल्याने येणारे पाच लाख सरकारचे. कोणत्याही दुकानदाराला हा सौदा उलटा वाटेल. गोळ्याच फुकट द्या, प्रश्न मिटला.

मध्यमान

सौदा उलटा आहे हे मान्य. प्रश्न मिटेल हे मान्य नाही.

मध्य प्रदेशात सरकारी केंद्रांवर या गोळ्या फुकट मिळतात. २०१७ साली रक्तदाब नियंत्रणाचा जो राष्ट्रीय उपक्रम पाच राज्यांत सुरू झाला, त्यात आपले राज्य पहिल्यापासून होते, आणि एका वेळी तीस दिवसांची गोळी द्यावी असा त्यातला एक साधा नियम होता. म्हणजे किमतीचा आणि फेऱ्यांचा विचार झालेला आहे. परंतु किंमत शून्य केल्याने किती फरक पडतो याची अमेरिकेत प्रत्यक्ष चाचणी झाली आणि ती २०११ साली प्रसिद्ध झाली. हृदयविकाराचा झटका येऊन घरी गेलेल्यांपैकी काहींना औषधे पूर्ण फुकट दिली, बाकीच्यांना नेहमीप्रमाणे वाटा भरायला लावला. नेहमीच्या गटात औषधे नीट घेण्याचे प्रमाण निरनिराळ्या गोळ्यांसाठी ३६ ते ४९ टक्के होते. फुकट मिळाल्यावर ते वाढले, पण ४ ते ६ टक्क्यांनीच. ज्यांनी नुकताच मृत्यू पाहिला होता, त्यांच्यापैकी निम्म्याच्या आसपास लोक फुकटचीही गोळी नीट घेत नव्हते. दादांची गोळीही आणून ठेवलेली होती, हे विसरू नये.

आणखी एक गंमत सांगतो आणि थांबतो. हृदयरोगावरच्या औषधांच्या एका मोठ्या अमेरिकी चाचणीचे आकडे १९८० साली प्रसिद्ध झाले. त्यात ज्यांना पिठाच्या गोळ्या दिल्या होत्या, त्यांपैकी त्या नियमाने घेणाऱ्यांत पाच वर्षांत १५ टक्के मृत्यू झाले आणि न घेणाऱ्यांत २८ टक्के. पिठात काही नव्हते. जो माणूस पिठाची गोळीही वेळेवर घेतो, तो जेवण, झोप, चालणेही बहुधा वेळेवर करतो. म्हणून गोळी घेणारे आणि न घेणारे यांच्या खर्चाची नुसती वजाबाकी करून ती सारी गोळीच्या नावावर टाकणारे अहवाल मी जरा लांबूनच वाचतो.

गोळीबंद

पिठाच्या गोळ्या कुठे मिळतात? आमच्या वडिलांना चालतील.

सराफ्यातली_रात्र

कोणीही न मांडलेला एक खर्च माझ्याकडे आहे. आपली कचरागाडी सकाळी येते तेव्हा तिच्या घातक कचऱ्याच्या कप्प्यात लोक काय टाकतात हे एकदा उभे राहून पाहा. दिवाळीच्या साफसफाईत आमच्या इमारतीतून मुदत संपलेल्या औषधांच्या दोन पिशव्या निघाल्या. २०१७ पासून सलग अनेक वर्षे स्वच्छतेत पहिला क्रमांक मिळवलेले हे शहर न घेतलेली औषधेही वेगळी करून टाकते, याचा अभिमान बाळगावा की कसे, हे समजत नाही.

जमाखर्च

चार दिवस लिहू शकलो नाही. मधल्या काळात एक गोष्ट केली जी सात महिन्यांत आम्ही कोणीच केली नव्हती. दादांना विचारले.

आरंभी त्यांना बोलता येत नव्हते, आणि बोलणे स्पष्ट होईपर्यंत त्या खणाचा विषय काढू नये असा घरात अलिखित नियम झाला होता. काल संध्याकाळी वहिनी देवळात गेल्या असताना मी हळूच विषय काढला. दादा बराच वेळ खिडकीकडे पाहत राहिले आणि मग त्यांनी डाव्या हाताने आपल्या घोट्याकडे बोट दाखवले. त्या १४ महिन्यांच्या थोडे आधी गोळी बदलून दिल्यावर महिन्याभरात दोन्ही पायांवर सूज येऊ लागली होती. चपलेचा पट्टा रुतून वळ उठत. आमचे वडील मूत्रपिंडाच्या आजाराने गेले आणि त्यांच्या अखेरच्या दिवसांतले सुजलेले पाय दादांनी पाहिलेले आहेत. आपलेही तेच सुरू झाले असे त्यांनी मनाशी धरले. आठवडाभर गोळी बंद करून पाहिली तर सूज उतरली. मग त्यांचा ग्रह पक्का झाला. डॉक्टरांना सांगावे तर ते रागावतील, वहिनींना सांगावे तर त्या धसका घेतील, म्हणून गोळ्या आणवत राहिले आणि खणात ठेवत राहिले. भेटीआधी चार दिवस घ्यायच्या, कारण "डॉक्टरांना तोंड कसे दाखवायचे."

मी हिशेब तपासणारा माणूस. सूज होती तेव्हाही त्यांच्या पायांकडे माझे लक्ष गेले नाही.

नाडीपरीक्षा

त्या दोन घटकांपैकी एक ॲम्लोडिपिन होते का? असल्यास घोट्यावरची सूज हा त्याचा सर्वपरिचित परिणाम आहे. तिचा मूत्रपिंडाशी संबंध नसतो. मात्रा कमी केली किंवा औषध बदलले की ती जाते. चिठ्ठीवर एक ओळ लिहायला मला अर्धे मिनिट लागते.

आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर ते अर्धे मिनिटही मी दर वेळी देत नाही. बाहेर चाळीस जण बसलेले असताना मी "गोळी घेता ना?" असे विचारतो, आणि या प्रश्नाला "हो" याखेरीज दुसरे उत्तर येत नाही. "गेल्या आठवड्यात किती वेळा राहिली?" असे विचारले तर आकडा येतो. हे मला ठाऊक आहे आणि तरीही गर्दीच्या दिवशी तोंडातून पहिलाच प्रश्न निघतो.

तुळशीवृंदावन

डॉक्टर, मी आज सासूबाईंना तसेच विचारले. "राहिली का" ऐवजी "किती राहिल्या" असे. त्या म्हणाल्या, "मोजल्या नाहीत, पण डब्यात आहेत." डबा हळदीकुंकवाच्या करंड्यामागे होता.

जमाखर्च

होय, ॲम्लोडिपिनच होते. आता नव्या चिठ्ठीत ते नाही.

खात्याचे तूर्त असे केले आहे की ती रक्कम मी पेन्सिलने लिहिली आहे. औषध, आजार, नुकसान, यांपैकी कोणत्याही शीर्षकाखाली ती नीट बसत नाही, आणि तुळशीवृंदावन ताईंनी म्हटलेला रकाना आखला तर आधीची पाने परत लिहावी लागतील. खरलबत्ता, एक व्यावहारिक प्रश्न उरतो. ते ३९ पत्ते परत घेता येतील का? काहींची मुदत अजून शिल्लक आहे.

खरलबत्ता

नाही घेता येणार, साहेब. पत्ते इतके महिने कसे ठेवले होते हे मला कळायला मार्ग नाही, आणि ते दुसऱ्या कोणाला देणे योग्यही नाही. कचरागाडीच्या घातक कप्प्यात टाका, पण गोळ्या पत्त्यांतून काढून, एखाद्या डब्यात ओल्या राखेत नाही तर मातीत मिसळून टाका. अखंड पत्ता दिसला की उचलणारे असतात.

जमाखर्च

तसेच करत आहोत. गोळ्या काढायला मी बसलो होतो, तेवढ्यात फिजिओथेरपीच्या ताई आल्या. त्यांनी पत्ता माझ्या हातून घेऊन दादांच्या उजव्या हातात दिला आणि अंगठ्याने दाबून गोळी बाहेर काढायला सांगितली. बोटांसाठी असा व्यायाम शोधूनही मिळणार नाही, असे त्या म्हणाल्या. पहिल्या गोळीला दोन मिनिटे लागली. काल ११ निघाल्या, आज १९. अजून ३६६ शिल्लक आहेत.